खरं म्हणजे पण

सकाळी सात. गोवावेसला गाडी उभी.
तेरा माणसं, एक चिडकं बाळ,
स्टिअरिंगवर दस्तगीर, डॅशबोर्डवर कुंद्याचा पुडा.
"मी भैरू मुतगेकर. एका दिवसात
चार राजधान्या दाखवतो.
माणशी नऊशे, जेवण धरून."
मागून कुणीतरी विचारतं, एसी आहे का.
"हाय की. खरं चढाला बंद करावा लागतो."

पहिली राजधानी किल्ल्याच्या आत.
कमळबस्तीत माना वर होतात आपोआप.
बहात्तर पाकळ्या, उलट्या लटकलेल्या:
होऊन गेलेले चोवीस, असलेले चोवीस,
यायचे आहेत ते चोवीस.
मी सांगतो, रट्टांचं राज्य इथं होतं,
गावाला तेव्हा वेणुग्राम म्हणत.
बाहेर लष्कराचा ट्रक मागं मागं येतोय,
आणि बाळ
न आलेल्या चोवीस जणांकडे बघून हसतं.

कॅम्पात साहेबाची राजधानी नव्हती, नुसती छावणी,
खरं ऐट बघाल तर राजाची.
दफनभूमीत एका दगडावर वय लिहिलंय:
अकरा महिने, सहा दिवस.
बाळाची आई तिथून लगेच बाहेर पडली.
मी तो दगड दाखवायला नको होता.

खानापूरच्या फाटकाशी चिपळोणकर बाई म्हणाल्या,
"अहो, सारखं खरं, खरं काय?
बाकीचं सगळं खोटं सांगताय का?"
गाडी हसली.
"बाई, आमच्यात खरं म्हणजे पण.
जेवलो खरं पोट भरलं नाही.
आलो खरं तू नव्हतास."
त्यांनी वहीत लिहून घेतलं.
पुण्याच्या माणसांचं हे मला आवडतं.

हलशी.
कधीकाळी पलाशिका. बोलून बोलून
झिजली, उंबऱ्यासारखी.
कदंबांनी इथून राज्य केलं,
आता देवळामागं म्हशी, वाळत घातलेली भाताची पेंढी,
आणि कस्तुरी नावाची पोरगी
जी फोटोचे दहा रुपये मागते
आणि मिळाले की डोळे मिटते.
शिलालेखासमोर बाई थांबल्या.
"हे मराठी की कन्नड?"

गाडीत नसूनही गाडीतल्यासारखे
सगळे गप्प.
मला वाचता येत नाही ती अक्षरं.
पंधरा वर्षं दाखवतोय,
राजाचं नाव कुठल्या ओळीत ते बोटाला पाठ,
डोळ्याला नाही.
तेवढ्यात दस्तगीर झाडाखालून ओरडला,
"अक्कारे, ऊटा तण्णग आगाकत्तैती!"
जेवण निवतंय, एवढं मात्र
कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
भाकरी, झुणका, वर ठेचा. बाई दोनदा वाढून घेतात.

कित्तूरला पोचेपर्यंत ऊन कललं.
वाड्याच्या पडक्या भिंतीत एक नळी आहे,
तिच्यातून म्हणे ध्रुव दिसायचा.
तेराही जणांनी रांगेत एकेक डोळा लावला.
काय दिसलं? पांढरं.
आपली दिवसाची सहल,
मी कुणाला ध्रुव दाखवलेला नाही आजपर्यंत,
खरं बघितल्याशिवाय कुणी परत गेलेलं नाही.

येताना हायवेवर चौथी.
दिवे लागलेले नव्हते. टेकाडावर
पांढरी, प्रचंड, कुलूपबंद.
"ही सुवर्णसौध. वर्षातून दहा-बारा दिवस राजधानी."
"आणि उरलेले दिवस?"
दस्तगीरनं आरशातून बघितलं.
"उरलेले दिवस माझा मेव्हणा खुर्च्या पुसतो."
कुणीतरी फोटो काढला, हलला.
मोडकं काही नव्हतं तिथं, म्हणून
उतरावंसं कुणाला वाटलं नाही.

गोवावेस. पावणेआठ.
बाळ कुंद्याच्या कागदाला धरून झोपलंय.
चिपळोणकर बाई शंभराची नोट पुढं करतात.
"छान झालं हो, भैरू. सगळं नीट सांगितलंत.
खरं—"
आणि मागून बसचा भोंगा,
रिक्षावाल्याची घाई, त्यांची पिशवी, त्यांची छत्री.

मी नोट हातात धरून उभा.
त्यांना आमचं 'खरं' म्हणायचं होतं
की त्यांचं?
दस्तगीर म्हणतो, चल बे, गाडी धुवायची आहे.